ग्रहाचं वातावरण कसं तपासावं: कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन, पायरीपायरीनं

एखाद्या ग्रहाला वातावरण टिकवता येईल का, ते किती जड आहे, त्यानं ग्रह किती तापतो, तिथे एखादा द्रव वाहू शकतो का, हे सगळं घरबसल्या काढता येतं. त्यासाठी लागतात ग्रहाचे सहा-सात आकडे आणि वर्गमूळाची कळ असलेला साधा कॅल्क्युलेटर. नासाच्या प्लॅनेटरी फॅक्ट शीटवर हे आकडे कुणालाही मिळतात. शुक्र, पृथ्वी, मंगळ आणि शनीचा चंद्र टायटन या चौघांवर मी ही पद्धत इथे करून दाखवतो आहे. वातावरणाचा अभ्यास करायला याहून चांगली चौकडी नाही, कारण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या पायरीवर आपला अंदाज खोटा पाडतो.

सुरू करण्याआधी एक विनंती. गणिताचं उत्तर आणि प्रत्यक्ष मोजमाप जुळलं नाही तर गणित खोडू नका, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. वातावरणाबद्दल जे काही कळतं ते बहुतेक या फरकातूनच कळतं.

तयारी: आकडे आणि एककं

कागदावर प्रत्येक ग्रहासाठी हे लिहा: सूर्यापासूनचं अंतर खगोलीय एककात (पृथ्वीचं १), अल्बेडो म्हणजे आलेल्या उन्हापैकी ग्रह परत फेकतो तो हिस्सा, गुरुत्वीय प्रवेग, मुक्तिवेग म्हणजे ग्रहाच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग, पृष्ठभागावरचा दाब, तापमान आणि मुख्य वायू. तापमान कायम केल्विनमध्ये घ्या, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा. दाब पास्कलमध्ये घ्या. १ बार म्हणजे १ लाख पास्कल. या हिशेबांत होणाऱ्या बहुतेक चुका एककांच्याच असतात, तेव्हा ही पाच मिनिटं वाचवू नका.

पायरी १: नुसत्या उन्हानं ग्रह किती तापेल?

आधी वातावरण नाहीच असं समजा. १ मधून अल्बेडो वजा करा. आलेल्या आकड्यावर वर्गमूळाची कळ दोनदा दाबा. त्याला २७८.६ नं गुणा. शेवटी अंतराच्या वर्गमूळानं भागा. उत्तर केल्विनमध्ये येतं.

पृथ्वीचा अल्बेडो ०.३०. म्हणजे ०.७०, त्याचं वर्गमूळ ०.८३७, पुन्हा वर्गमूळ ०.९१५, गुणिले २७८.६, उत्तर २५५ केल्विन. उणे १८ अंश सेल्सिअस. पृथ्वीचं प्रत्यक्ष सरासरी तापमान मात्र २८८ केल्विन आहे. मधले ३३ अंश वातावरणानं दिलेले आहेत, आणि ते नसते तर समुद्र गोठलेले असते.

आता शुक्र घ्या. अंतर ०.७२३, अल्बेडो ०.७६. हिशेब केलात तर २२९ केल्विन येईल, म्हणजे सूर्याच्या जवळ असूनही पृथ्वीपेक्षा थंड! आकडा बरोबर आहे. सल्फ्युरिक आम्लाचे फिकट, चमकदार ढग शुक्रावर पडणारं तीन चतुर्थांश ऊन परत पाठवतात, त्यामुळे शुक्राला पृथ्वीपेक्षा कमी ऊन पचवायला मिळतं. तरी त्याची जमीन ७३७ केल्विनवर, म्हणजे शिसं वितळेल इतकी तापलेली आहे. फरक ५०० अंशांच्या वर. शुक्र सूर्याजवळ आहे म्हणून तापला, हे सर्रास ऐकू येणारं उत्तर या एका पायरीत निकालात निघतं.

मंगळाचं अंतर १.५२४ आणि अल्बेडो ०.२५ धरला तर २१० केल्विन येतं. प्रत्यक्षातलं सरासरी तापमान त्याहून जेमतेम ५ अंशांनी जास्त. हा छोटा आकडा अधोरेखित करून ठेवा, चौथ्या पायरीत तोच लागणार आहे.

एखाद्या ग्रहाचा अल्बेडो ठाऊक नसेल तर एकदा ० आणि एकदा ०.७ धरून दोन उत्तरं काढा. खरं उत्तर बहुधा त्यांच्या मध्ये कुठेतरी असतं. एकच आकडा ठोकून देण्यापेक्षा असा पट्टा लिहिणं जास्त प्रामाणिक.

पायरी २: वायू टिकेल का?

वायूचे रेणू सतत धावत असतात. तापमान जितकं जास्त आणि रेणू जितका हलका तितका वेग जास्त. हा वेग मुक्तिवेगाच्या जवळ गेला की वायू ग्रहाच्या हातून सुटतो. सरासरी वेग काढायचा तर तापमानाला रेणुभारानं भागा, वर्गमूळ काढा, १५८ नं गुणा. उत्तर मीटर प्रति सेकंद.

मुक्तिवेग या वेगाच्या सहापटीहून जास्त असेल तर तो वायू अब्जावधी वर्षं टिकतो, असा ढोबळ नियम आहे. सहापट का, दुप्पट का पुरत नाही? कारण सगळे रेणू सरासरी वेगानं धावत नाहीत. मोजके रेणू खूपच वेगात असतात, ते निसटतात, उरलेल्यांच्या धडकांतून पुन्हा काही वेगवान होतात, आणि हे अब्जावधी वर्षं चालू राहतं.

एक काळजी घ्या. तापमान जमिनीवरचं धरू नका, वायू जिथून निसटतो त्या सर्वांत वरच्या थराचं धरा. पृथ्वीवर तिथे सुमारे १००० केल्विन असतं. हायड्रोजनचा अणुभार १, म्हणून वेग ५ किलोमीटर प्रति सेकंद. मुक्तिवेग ११.२. भागाकार सव्वादोनच्या आसपास, म्हणजे हायड्रोजन जाणार, आणि तो आजही सेकंदाला सुमारे ३ किलो या दरानं जातोच आहे. हेलियमचा भागाकार साडेचार, तोही हळूहळू जातो. नायट्रोजनचा जवळजवळ बारा, तो राहतो. गुरूचा मुक्तिवेग ५९.५ किलोमीटर प्रति सेकंद आहे, त्यामुळे त्याच्या हातून हायड्रोजनसुद्धा सुटत नाही. गुरू मुख्यत्वे हायड्रोजन आणि हेलियमचा असण्याचं हे एक मोठं कारण.

चंद्राचा मुक्तिवेग २.३८. दुपारी तिथलं तापमान ३९० केल्विनवर जातं, तेव्हा नायट्रोजनचा वेग ५९० मीटर प्रति सेकंद, आणि भागाकार चार. चंद्र उघडा का, ते कळलं. टायटनचा मुक्तिवेग फक्त २.६४, चंद्राहून थोडासाच जास्त. पण तिथे वरच्या थरातही सुमारे १५० केल्विन असतं. वेग ३६६, भागाकार सातच्या वर. टायटनच्या पदरात दाट वातावरण राहिलं ते थंडीमुळे.

आणि आता मंगळ. वरच्या थरात २५० केल्विन धरा. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४, वेग ३७७, मुक्तिवेग ५.०३ किलोमीटर. भागाकार तेरा! या नियमानं मंगळाचं वातावरण दणकट असायला हवं. प्रत्यक्षात तिथला दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी.

नियम चुकलेला नाही, तो एकाच वाटेचा हिशेब देतो. वायू ग्रहावरून इतरही वाटांनी जातो. मंगळाला आज पृथ्वीसारखं व्यापक चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा भारित कणांचा झोत, थेट वरच्या थरांवर येऊन आदळतो आणि अणूंना अवकाशात भिरकावतो. २०१४ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या मेव्हन यानानं हेच मोजलं. त्याचा सर्वांत सुंदर पुरावा आर्गॉनचा आहे. आर्गॉन कशाशी संयोग पावत नाही, खडकात जाऊन बसत नाही. तो कमी झाला तर अवकाशातच गेला. त्याच्या हलक्या आणि जड समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण पाहिल्यावर २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला की मंगळावरच्या आर्गॉनपैकी सुमारे ६५ टक्के आजवर अवकाशात गेला आहे. हलका आधी जातो, जड मागे उरतो. हाच धागा शुक्रावर लावला तर तिथे जड हायड्रोजनचं, म्हणजे ड्युटेरियमचं प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींहून जास्त दिसतं. शुक्रावर कधीकाळी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी होतं आणि त्यातला हायड्रोजन उडून गेला, हे त्यावरून कळतं.

म्हणून या पायरीचं उत्तर लिहिताना ‘टिकणार नाही’ हे खात्रीनं लिहा, पण ‘टिकेल’ हे पेन्सिलीनं लिहा.

पायरी ३: वातावरण वजनात मोजा

वायूंची टक्केवारी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. टक्केवारी एकूण किती आहे ते सांगत नाही. दाबाला गुरुत्वीय प्रवेगानं भागलं की एक चौरस मीटर जमिनीच्या डोक्यावर किती किलो वायू उभा आहे, ते कळतं.

पृथ्वी: १,०१,३२५ भागिले ९.८, म्हणजे सुमारे १०.३ टन. मंगळ: ६१० भागिले ३.७१, म्हणजे अवघे १६४ किलो. शुक्राचा दाब ९२ बार, प्रवेग ८.८७, म्हणजे हजार टनांहून जास्त. टायटनचा दाब पृथ्वीच्या दीडपटच दिसतो, पण त्याचा प्रवेग फक्त १.३५ आहे. भागून पाहा: जवळजवळ १०९ टन. प्रत्येक चौरस मीटरवर पृथ्वीच्या दहापट हवा! दाबाचे आकडे नुसते वाचून हे कधीच लक्षात येत नाही.

टक्केवारी किती फसवते ते शुक्रावरच बघा. त्याच्या वातावरणात ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ३.५ टक्के नायट्रोजन. वाचणाऱ्याला वाटतं, नायट्रोजन नावापुरताच. वजनात बदलून पाहिलं तर शुक्रावर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २३ टन नायट्रोजन आहे आणि पृथ्वीवर पावणेआठ टन. म्हणजे शुक्रावर तिप्पट.

मग पृथ्वीचा कार्बन डायऑक्साइड गेला कुठे? तो चुनखडीत आहे. पाण्यात विरघळून, खनिजांशी संयोग पावून, शंख-शिंपल्यांच्या कवचांतून तो खडकांत जमा झाला. पृथ्वीच्या खडकांत अडकलेला कार्बन साधारण शुक्राच्या हवेतल्या कार्बनाच्या तोडीचा आहे. शुक्रावर पाणी उरलं नाही, म्हणून तो हवेतच राहिला.

पायरी ४: उबेचा हिशेब, आणि मंगळाचं कोडं

माझ्या मते ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून इथे सावकाश चला.

पृथ्वीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख रेणूंत सुमारे ४२०. वजनात बदलून १०.३ टनांतला हिस्सा काढला तर प्रत्येक चौरस मीटरवर साडेसहा किलोच्या आसपास येतो. मंगळावर १६४ किलोंपैकी जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइडच, म्हणजे साधारण १५७ किलो. पृथ्वीच्या वीसपटीहून जास्त! तरी पृथ्वीला ३३ अंशांची ऊब आणि मंगळाला ५.

कारणं तीन आहेत. पहिलं, पृथ्वीच्या ऊबदारपणात पाण्याच्या वाफेचा वाटा मोठा आहे, सुमारे निम्मा. मंगळाची हवा कोरडी ठाक. दुसरं कारण कमी सांगितलं जातं पण ते जास्त शिकवणारं आहे. वायू उष्णतेचे, म्हणजे अवरक्त किरण, ठरावीक तरंगलांबींवर शोषतो. दाब कमी असेल तेव्हा शोषणाच्या या रेषा अगदी अरुंद राहतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून उष्णता थेट अवकाशात जाते. रेणू एकमेकांवर वारंवार आदळू लागले, म्हणजे दाब वाढला, की त्या रेषा पसरतात आणि फटी बुजत जातात. मंगळावर वायू आहे, पण त्याला दाटीवाटी नाही. पृथ्वीवर नायट्रोजन स्वतः ऊब जवळजवळ धरत नाही, तरी दाब वाढवून कार्बन डायऑक्साइड आणि वाफेचं काम सोपं करतो. तिसरं, शोषण वायूच्या प्रमाणात वाढत नाही. रेषेचा मधला भाग एकदा पूर्ण अडला की पुढचा वायू फक्त तिच्या कडा रुंदावत नेतो. पृथ्वीवर कार्बन डायऑक्साइड वाढला की तापमान अजून वाढतं ते या कडांमुळेच.

शुक्रावर दाब, वायूचं वजन आणि ढग तिन्ही एकत्र आल्यामुळे फटी जवळजवळ उरलेल्याच नाहीत.

टायटन इथेही वेगळा वागतो. त्याच्या वरच्या थरातलं नारिंगी धुकं ऊन अडवतं पण खालची उष्णता बाहेर जाऊ देतं, हरितगृहाच्या नेमकं उलट. वायूंनी दिलेली सुमारे २१ अंशांची ऊब आणि धुक्यानं घेतलेले ९ अंश, असा तिथला जमाखर्च आहे. वातावरण म्हटलं की ऊब वाढणार, असं गृहीत धरू नये ते यासाठी.

पायरी ५: उंचीचं माप

ही लवकर होते. ८.३१४ ला तापमानानं गुणा, मग रेणुभार (किलोग्रॅममध्ये, म्हणजे हवेसाठी ०.०२९) आणि प्रवेग यांच्या गुणाकारानं भागा. जी उंची येते तिला स्केल हाइट म्हणतात. तेवढं वर गेलं की दाब साधारण ३७ टक्के उरतो. पृथ्वीसाठी ८.४ किलोमीटर. एव्हरेस्टवर दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशावर येतो, ते याच हिशेबानं. मंगळासाठी सुमारे ११, शुक्रासाठी १६, टायटनसाठी २१ किलोमीटर. १४ जानेवारी २००५ ला ह्युजेन्स यान टायटनवर उतरलं तेव्हा पॅराशूटनं खाली यायला त्याला जवळजवळ अडीच तास लागले: कमी गुरुत्व, उंचच उंच आणि दाट हवा.

पायरी ६: द्रव राहू शकतो का?

दाब आणि तापमान दोन्ही हाताशी आले की कुठला पदार्थ द्रव राहील ते बघा. पाण्यासाठी लक्षात ठेवायचा आकडा ६११ पास्कल. त्याखाली द्रव पाणी टिकत नाही, बर्फाची थेट वाफ होते. मंगळाचा सरासरी दाब नेमका या रेषेवर आहे. सखल खोऱ्यांत तो थोडा वर जातो, पण तिथे पाणी शून्याच्या थोडं वर जाताच उकळायला लागतं. कोरड्या नद्यांची पात्रं मंगळावर आहेत, म्हणजे कधीतरी दाब जास्त होता. दुसऱ्या पायरीतला आर्गॉनचा पुरावा इथे येऊन मिळतो.

टायटनवर ९४ केल्विनला पाणी दगडासारखं असतं. पण मिथेन ९१ केल्विनला वितळतो आणि पृथ्वीइतक्या दाबाखाली ११२ ला उकळतो. टायटन त्याच फटीत बसला आहे, म्हणून तिथे मिथेनचा पाऊस पडतो आणि क्राकेन मारे, लायजिया मारे असे समुद्र आहेत. शुक्राच्या जमिनीवर कार्बन डायऑक्साइड ना धड वायू ना धड द्रव अशा अवस्थेत असतो, कारण ३०४ केल्विन आणि ७४ बार ही सीमा तिथे दोन्ही बाजूंनी ओलांडलेली आहे.

याच पायरीत वातावरण उष्णता किती वाटून देतं तेही नोंदवा. चंद्रावर दुपारी १२० अंश सेल्सिअस आणि रात्री उणे १३० च्याही खाली. शुक्र स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो, तरी जमिनीवर दिवस-रात्रीचं तापमान जवळजवळ सारखंच.

पायरी ७: एकत्र नसायला हवेत असे वायू शोधा

डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान वाटेत पृथ्वीजवळून गेलं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या उपकरणांनी पृथ्वीकडे अनोळखी ग्रह म्हणून पाहिलं आणि १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. ठळक खूण होती ऑक्सिजन आणि मिथेन एकाच हवेत असण्याची. मिथेन पृथ्वीच्या हवेत साधारण दहा वर्षांत नष्ट होतो. तो दिसतो म्हणजे कुणीतरी सतत भरतो आहे.

तेव्हा प्रत्येक वायूपुढे एक प्रश्न लिहा: हा किती काळ टिकतो आणि पुरवठा कुठून होतो? टायटनवरचा मिथेनही अतिनील किरणांनी काही कोटी वर्षांत संपायला हवा, म्हणजे तिथेही पुरवठ्याची सोय असणार, आणि तिथे सजीवांची गरज नाही. एकट्या ऑक्सिजनवरही भिस्त ठेवू नका. लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड, ताऱ्याच्या प्रखर किरणांनी पाण्याचे रेणू फुटून हायड्रोजन उडून गेला की निर्जीव ग्रहावरही ऑक्सिजन साचू शकतो.

पायरी ८: दूरच्या ताऱ्याच्या ग्रहावर हेच करताना

ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेच्या कड्यातून गाळून येतो. हा परिणाम किती मोठा? ग्रहाची त्रिज्या गुणिले हवेची जाडी (पाच स्केल हाइट धरा) गुणिले दोन, भागिले ताऱ्याच्या त्रिज्येचा वर्ग. पृथ्वी-सूर्यासाठी: ६३७१ गुणिले ४२ गुणिले २, भागिले ६,९६,००० चा वर्ग. उत्तर दहा लाखांत एक. हीच पृथ्वी ट्रॅपिस्ट-१ या लाल बटू ताऱ्यासमोर ठेवा, ज्याची त्रिज्या सूर्याच्या ०.११९ पट आहे, तर दहा लाखांत ७८. खगोलशास्त्रज्ञ लाल बटू ताऱ्यांच्या मागे का लागले आहेत, ते या एका भागाकारात दिसतं.

जेम्स वेब दुर्बिणीनं २०२२ मध्ये डब्ल्यूएएसपी-३९ बी या फुगलेल्या वायुग्रहावर कार्बन डायऑक्साइड स्पष्ट पाहिला. खडकाळ ग्रह मात्र अवघड आहेत. ट्रॅपिस्ट-१ बी या ग्रहाची दिवसाची बाजू २०२३ मध्ये मोजली तेव्हा सुमारे ५०० केल्विन आली. उष्णता रात्रीकडे नेणारं दाट वातावरण असतं तर ती ४०० च्या आसपास असती. सहाव्या पायरीतलाच तर्क. आणि वर्णपट, म्हणजे गाळून आलेल्या प्रकाशाचा तरंगलांबीनुसार आलेख, सपाट आला तर ‘हवा नाही’ असं लगेच लिहू नका. जीजे १२१४ बी या ग्रहाचा वर्णपट हबल दुर्बिणीनं २०१४ मध्ये सपाट दाखवला, आणि तिथे उत्तर होतं उंचावरचे ढग.

सरावासाठी: प्लूटो

आकडे देतो. दाब सुमारे १ पास्कल, प्रवेग ०.६२, मुक्तिवेग १.२१ किलोमीटर प्रति सेकंद, मुख्य वायू नायट्रोजन, आणि २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यानानं मोजल्याप्रमाणे वरच्या थरात ७० केल्विन. तिसऱ्या पायरीनं चौरस मीटरवर दीड-पावणेदोन किलो हवा येईल. दुसऱ्या पायरीनं भागाकार पाचच्या आत, म्हणजे नायट्रोजन अब्जावधी वर्षं टिकायला नको. तरी तो आहे. सातव्या पायरीतला पुरवठ्याचा प्रश्न विचारा आणि मग प्लूटोच्या नकाशावर स्पुटनिक प्लॅनिशिया हे नायट्रोजन बर्फाचं प्रचंड मैदान शोधा.